कुडाच्या घराचा धूर

मी, कमू सुकऱ्या वाघ, वय आधार कार्डावर चौसष्ट, खरे कोणालाच ठाऊक नाही, राहणार दाभोसा, तालुका जव्हार, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र आज दिवसाउजेडी, माझ्या घराच्या ओट्यावर बसून, कोणी न धमकावता, कोणी न शिकवता आणि तोंडाला थेंब न लावता सांगत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पाय ठिकाणावर नाहीत, ते कधीच नव्हते. पण जव्हारच्या वकिलांनी सांगितले की कायदा पायांबद्दल काही विचारत नाही.

मला लिहिता येत नाही. माझ्या नातीच्या, दिपिकाच्या, शाळेतल्या प्रतिभा गावित बाई लिहून घेत आहेत. बाई जामसरच्या शेतकरी घरातल्या, त्यांना आमची बोली कळते. मी बोलीत सांगते, त्या कागदावरच्या मराठीत उतरवतात आणि कलम झाले की वाचून दाखवतात. सुरुवातीलाच त्या म्हणाल्या, "कमूआजी, पायांचं वगैरे मृत्युपत्रात लिहीत नाहीत." मी म्हटले, "दुसऱ्यांच्यात नसतील लिहीत. ह्ये माझं हाय ना? मंग लिवा." त्यांनी लिहिले आहे.

घाईचे कारण असे. दसरा होऊन गेला. भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी फाट्यावर वीटभट्टीचा ट्रक येईल. माझा मुलगा कमलेश आणि सून निशा त्यात बसून भिवंडीकडे जातील ते पावसाच्या तोंडावर परत येतील. मागच्या वर्षासारखे याही वर्षी ते दिपिकाला नेणार आहेत. डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो काढून कमलेशला बाहेर बोलावले आणि मग आत येऊन मला केळी खा म्हणाले, तेव्हाच मला समजले. ट्रक येईपर्यंत मी असेन की नाही सांगता येत नाही. दिपिका त्या ट्रकात चढू नये, एवढ्यासाठी हे मृत्युपत्र आहे. बाकीची कलमे आहेत ती आहेत.

कलम १. माणसे

माझा नवरा सुकऱ्या २०१३ च्या पावसाळ्यात काविळीने गेला. मला मुलगा एकच, कमलेश. त्याची बायको निशा. त्यांची मुलगी दिपिका, वय चौदा, इयत्ता नववी. सुकऱ्याचा धाकटा भाऊ सोम्या, एका पायाने अधू, लग्न झालेले नाही, राहणार समोरच्या घरात. आमच्या दोन घरांच्या मधे एक चिंचेचे झाड आणि चौदा वर्षांचा अबोला होता. झाड अजून आहे. अबोल्याचे पुढे सांगते.

एवढीच माणसे. माझ्या पश्चात कोणी दूरचा पुतण्या उगवलाच, तर त्याने खुशाल कोर्टाच्या पायऱ्या चढून दमावे.

कलम २. घरे

लग्न झाल्यापासून मागच्या वर्षापर्यंत, बाळंतपणाची आणि सुतकाची वर्षे सोडली तर, दर दिवाळीनंतर मी गाव सोडले. आधी वसईकडच्या भट्ट्या, मग भिवंडीकडच्या, मधे दोन हंगाम खाडीवर रेती काढायला. भट्टीवर पोचलो की पहिल्या दिवशी कच्च्या विटा एकावर एक रचून खोपी करायची. वर गवत आणि प्लास्टिक. आत एक चूल, एक गोधडी, कोंबड्यांचा डालगा. वैशाखात निघताना ती खोपी आपल्याच हाताने मोडायची आणि विटा परत ढिगात लावून द्यायच्या, कारण विटा शेठच्या. अशी एकेचाळीस घरे मी बांधली आणि एकेचाळीस मोडली. त्यातले एकही शिल्लक नसल्याने वाटणीचा प्रश्न येत नाही.

शिल्लक आहे ते हे. कारवीचा कूड, वर शेणामातीचा लेप, कौले, चार सागाचे खांब, पुढे ओटा. सुकऱ्या आणि सोम्या या दोघा भावांनी मिळून उभे केले. कुडाच्या घराला माणसाची गरज असते, कारण चूल पेटली नाही की वाळवी कुडात शिरते आणि कारवी आतून खाऊन टाकते. पाड्यातली भट्टीवर जाणारी किती तरी घरे अशी बसली. परत येऊन बघावे तर भिंत हात लावताच पडते. माझ्या घराला मात्र वाळवी कधी लागली नाही. मी ही गोष्ट अख्ख्या पाड्याला ऐकवली आहे. सुकऱ्याच्या हाताचे काम आहे, त्याने कारवी कापली ती अमावास्येला कापली, असे मी छाती पुढे काढून सांगत आले. बाई म्हणतात, खरे काय ते आत्ताच लिहू या. पण मला क्रमाने सांगू द्या, नाहीतर माझी गाडी घसरते.

सदर घर, ओट्यासह, परसातल्या शेवग्यासह, मी माझी नात दिपिका कमलेश वाघ हिला देत आहे. ती सज्ञान होईपर्यंत घर विकता, मोडता किंवा त्यातले काही उचलून नेता येणार नाही.

हे शेवटचे कमलेशसाठी लिहवले आहे. त्याच्या डोक्यात नालासोपाऱ्याला खोली घ्यायचे आहे आणि घराचे चार खांब चांगले जुने साग आहेत, हेही त्याच्या डोक्यात आहे. यंदा भट्टीवरून परतल्यावर त्याने खांबाला बोटाने टकटक करून पाहिले. मी आत पडले होते, मला ऐकू आले. कमलेश, खांब जागेवर राहतील.

कलम ३. इतर चीजवस्तू

कुऱ्हाड, कोयता, विळा कमलेशला. जाते, पाटा आणि सगळ्या कोंबड्या निशाला. माझे चांदीचे वाळेही निशाला. ते आधी मी दिपिकाला देणार होते, पण आज दुपारी विचार बदलला, त्याचे कारण कलम आठमध्ये येईल. निशाच्या हाताला मीठ जास्त आहे आणि तोंडाला शब्द कमी आहेत, हे मी बारा वेळा बोलून दाखवले. तिने उलट उत्तर दिले नाही, दुसऱ्या दिवशी मीठही कमी केले नाही.

मोबाईल दिपिकाकडेच असतो, तो तिचाच. गोधडी माझ्यासोबत जाळावी, तिला एकेचाळीस भट्ट्यांचा वास आहे.

कलम ४. डोंगरावरची जमीन

ही जमीन माझ्या नावावर नाही, म्हणून ती मला कोणाला देता येत नाही. पण तिचे नाव घेतल्याशिवाय मी मरणार नाही.

दाभोशाच्या वरच्या उतारावर आमच्या सासऱ्याच्या आधीपासून आम्ही नागली आणि वरई करतो. सासरा गेल्यावर दोघा भावांचे दोन वाटे झाले, मधे दगडांची ओळ. २०१० साली वनहक्काची मोजणी झाली. समितीची माणसे, पंच, हातात मशीन धरलेला एक जण, सगळे वैशाखात उतारावर चढले. वैशाखात आम्ही भिवंडीला. पंचांनी विचारले, "इथे राब कोण भाजतं?" राब म्हणजे पेरणीआधी पाला, फांद्या, शेण रचून जमीन भाजायची. जो राब भाजतो तो जमिनीचा, असे आमच्याकडे धरतात. सोम्या म्हणाला, "मी भाजतां." खरेच तो भाजत होता. आम्ही नसायचो, म्हणून दोन्ही वाट्यांचा राब तोच लंगडत लंगडत भाजायचा. सगळ्या पाड्याने माना हलवल्या. त्या दिवशी डोंगरावर कोणीही खोटे बोलले नाही आणि दोन्ही वाट्यांचा कागद सोम्याच्या एकट्याच्या नावाने आला.

परत आल्यावर सुकऱ्याने त्याला चिंचेखाली गाठले. "माझं नाव का नाय सांगितलंस?"

सोम्या म्हणाला, "त्यांनी कोन भाजतो ते इचारलं. कोनाची ते नाय इचारलं."

सुकऱ्याने त्याला मारले असते. मी मधे पडले, त्याचा मला पुढे कैक वर्षे पस्तावा होत राहिला. मग सुकऱ्याने दुरुस्तीसाठी अर्ज केला. पण त्याच्या तारखा लागायच्या माघात, फाल्गुनात, आणि माघ-फाल्गुनात आम्ही विटा पाडत असायचो. तीन वर्षे तो त्या कागदाचा विचार करत राहिला आणि मग तोच गेला. चिंचेखालच्या त्या भांडणापासून मी सोम्याशी एक शब्द बोलले नाही. भावाला खांदा देताना त्याचा पाय अडखळला, तेव्हासुद्धा बोलले नाही.

म्हणून येथे नोंदवून ठेवते की ती जमीन माझ्या दिराने लाटली. बाईंनी विचारले, "लाटली, हाच शब्द लिहू?" हाच.

दरवर्षी सुगी झाली की नागलीची एक गोणी माझ्या ओट्यावर ठेवलेली असते. कोण ठेवतो ते मला माहीत आहे. मी ती खाते. आभार मानलेले नाहीत.

कलम ५. माझे पाय

बाई नको म्हणत असताना हे कलम घातले आहे.

लोक म्हणतात, बिचारे पोटासाठी जातात. पोटासाठी जातो हे खरेच आहे. पण मला जायला आवडायचेही. दिवाळीचे दिवे विझले की माझ्या पायात मुंग्या यायच्या. मी बोचके बांधायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे. सुकऱ्या म्हणायचा, "आगं, ट्रक आजून चार दिसांनी हाय." ट्रकात मागे उभे राहून वारा खाताना, घाट उतरताना, वाड्याच्या पुढे मोठाली गोदामे लागताना मला मी कोणी तरी आहे असे वाटायचे. तिथे पोचल्यावर आठ दिवसांत ते उतरायचे. मग गावाची आठवण सुरू. गावात आले की पुन्हा रस्त्याची. सबंध जन्म मी जिथे होते तिथे नव्हते.

आत्ता हे सांगतानासुद्धा मी तीन वेळा उठून अंगणात गेले, फाट्याकडे बघितले आणि धाप लागून परत बसले. बाईंनी पेन खाली ठेवून वाट बघितली.

हे दिपिकामध्ये उतरले आहे, म्हणून लिहवते. तिला जव्हारच्या वसतिगृहात दोनदा ठेवली आणि दोनदा ती पळून आली, एकदा तर अर्धा रस्ता चालत. तिचे पाय मला बांधायचे नाहीत. तिला मोठेपणी मुंबईला जायचे तर जाऊ दे, दिल्लीला जाऊ दे. पण स्वतः ठरवून जाऊ दे. फाट्यावर ट्रक उभा आहे आणि आईबाप चढले आहेत, म्हणून नको.

कलम ६. दोन साचे

माझा साचा सागाचा आहे, कडांना लोखंडी पट्टी, धरायच्या जागी माझ्या बोटांचे खळगे. त्याने मी किती विटा पाडल्या ते विचारू नये. ठाण्यात, भिवंडीत, वसईत त्यांच्या इमारती आहेत आणि त्यांतल्या एकाही इमारतीचा जिना मी चढलेले नाही.

दुसरा साचा लहान आहे. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मी परसात गेले तर कमलेश शेवग्याखाली बसून तो तासत होता. मला बघून त्याने तो मांडीखाली सरकवला. मी म्हटले, "दाखव." त्याने दाखवला. सुबक काम आहे. एका विटेचा, हलका, आणि धरायच्या दोन्ही मुठी काचेने घासून घासून गुळगुळीत केलेल्या.

"मुठी बारीक केल्यास," मी म्हटले.

तो म्हणाला, "तिच्या हाताला फोड येतील ना."

बाप आहे तो. पोरीच्या हाताला फोड येऊ नयेत म्हणून चार दिवस लाकूड घासत बसला, हे मी नाकारत नाही. माझ्या बापानेही मी नऊ वर्षांची असताना मला असाच साचा करून दिला होता आणि मी तो घेऊन नाचले होते. त्या दिवशी शेवग्याखालून मी आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून रडले.

दोन्ही साचे माझ्या मालकीचे धरावेत. लहान साच्याचे लाकूड माझ्या परसातले आहे. ते कोणालाही न देता, ट्रक जाईल त्या दिवशी माझ्या घराच्या चुलीत घालावेत. पेटवायचे काम दिपिकाने करावे. साग चांगला धुमसतो, कुडाला उपयोगी पडेल.

कलम ७. धूर

आता कलम दोनमध्ये अर्धे ठेवलेले सांगते.

मागच्या दिवाळीनंतर आम्ही चौघे गेलो. दिपिकाचे नाव शाळेत राहिले आणि ती भट्टीवर आली. निघताना मी नेहमीप्रमाणे दाराच्या कडीला तार गुंडाळून गाठ मारली. ती गाठ सासऱ्याने घरात शिकवलेली, बाहेरच्याला सुटत नाही. तिसऱ्या आठवड्यात चिखल तुडवताना मला श्वास पुरेना. ओठ निळे पडले म्हणतात. कमलेश-निशाला काम सोडता येईना, म्हणून दिपिका मला घेऊन निघाली. भिवंडीहून एसटी, वाड्याला दुसरी, जव्हारहून चंदू भोयेची जीप.

भर दुपारी फाट्यावर उतरलो. फाट्यावरून माझे घर दिसते. माझ्या घराच्या कौलांतून धूर निघत होता.

मी किंचाळले, "घर पेटलं!"

चंदू डोळ्यांवर हात धरून बघत म्हणाला, "पेटलं नाय आजी. चुलीचा धूर हाय तो."

"माझ्या घरात कोनाची चूल?"

मी कशी चालत गेले मला आठवत नाही. दिपिका माझ्या मागे पळत होती. दाराची तार सोडून नीट गुंडाळून उंबऱ्याजवळ ठेवली होती. आत सोम्या माझ्या चुलीपुढे बसला होता. ओला पाला घालून धूर करत होता, डोळ्यांतून पाणी गळत होते, खोकत होता.

"काय करतंस माझ्या घरात?" चौदा वर्षांनी मी त्याच्याशी बोललेले हे पहिले वाक्य.

"धूर दाखवतां."

"कोनी सांगितलं?"

"दादानं. तुमी पयल्यांदा गेलात तवा सांगून गेला व्हता, कूड खाईल, घराला धूर दाखवत जा."

"आन् भांडान झालं तवा?"

"तवा, नको दाखवू, असं नाय बोलला त्यो."

"मना का नाय सांगितलंस?"

"आदी तू इचारलं नाय, मागून तू बोलत व्हतीस कठं?"

दर पंधरा दिवसांनी, आम्ही गेलो की परत येईपर्यंत, त्याने हे केले होते. एक पाय ओढत यायचे, गाठ सोडायची, चूल पेटवायची, घरभर धूर कोंडेपर्यंत बसायचे, राख काढायची, पुन्हा तीच गाठ मारून जायचे. गाठ त्यालाही सासऱ्यानेच शिकवलेली. म्हणून मला कधी कळले नाही. सुकऱ्याला माहीत असणार. त्यानेही सांगितले नाही. भावावर रागावलेला माणूस, पण घरासाठी गप्प बसला.

मला लाज वाटली आणि लाजेहून जास्त राग आला. इतकी वर्षे मी पाड्यात ज्या कामाची बढाई मारत फिरले, ते काम माझ्या वैऱ्याचे निघाले. त्याने काळा चहा केला. मी प्याले. साखर त्याने स्वतःच्या घरून आणली होती.

त्यानंतर मी गावातच राहिले, दिपिका परत शाळेत जाऊ लागली आणि आठवी पास झाली. सोम्याशी मी लागेल तेवढे बोलते. पण कलम चार मी बदललेले नाही. धूर वेगळा, जमीन वेगळी.

कलम ८. दिपिकाचा सांभाळ

मी कमलेशला सांगितले, पोरीला नेऊ नको. तो म्हणाला, "आये, औंदा तू हायेस-नाहीस. एकटी पोर घरात ठेवून जाऊ कशी?" प्रश्न बरोबर होता. मला रागवायला जागाच सापडली नाही.

म्हणून आज, पहिली दोन कलमे सांगून झाल्यावर, मी दिपिकाला समोर पाठवून सोम्याला बोलावले. तो चिंचेखाली येऊन उभा राहिला, ओट्यावर चढेना. मी वर ये म्हटले तेव्हा चढला. ज्याला मी चौदा वर्षे पाणी विचारले नाही, त्याच्याकडे काही मागायचे म्हणजे मला फार जड गेले.  शेवटी विचारले, आम्ही कोणी नसताना पोरीला सांभाळशील का.

तो म्हणाला, "ती शाळंत जाईल, मी चूल पेटवीन. ह्यात काय इचारायचं?"

कमलेश खाली बघत बसला होता. काका आणि आई एका ओट्यावर, हे त्याने शेवटचे पाहिले तेव्हा दिपिका जन्मलीही नव्हती.  आतून भांड्यांचा आवाज थांबला आणि निशा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तिला. मी दोघींच्या विटा पाडीन." एवढे बोलून ती पुन्हा भांडी घासू लागली. वाळे निशाला देण्याचे कारण हेच. कमलेशने मग मान हलवली. तोंडाने हो म्हटले पाहिजे असे मी बजावले, तेव्हा हो म्हणाला. बाईंनी ऐकले आहे.

सबब असे ठरवते. भट्टीच्या हंगामात दिपिकाने याच घरात राहावे, शाळेत जावे, आणि सोम्याने ओट्यावर आपले अंथरूण टाकावे. शाळेच्या दिवशी भाकरी त्याने थापाव्यात, त्याला येतात. दिपिकाने त्याच्यावर सगळे टाकून मोबाईल बघत बसू नये. पहिल्या पावसात तिने इरले घेऊन त्याच्याबरोबर डोंगरावर जावे आणि नागली कशी लावतात ते शिकून घ्यावे. वर्षातून दोनदा कूड लिंपावा.

याबद्दल सोम्याला या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही. तो साक्षीदार आहे आणि वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, मागाहून तंटे होतात. मी विचारले, दुसरा साक्षीदार घेतला तर? ते म्हणाले, घ्या की. पण पाड्यात खोटे न बोलणारा माणूस तोच एक आहे, हे मला माझ्या नुकसानीवरून माहीत आहे. सोम्याला सांगितले, तर म्हणाला, "मना द्यायला तुझ्याकडं हाय काय?"

कलम ९. मला नेताना

मला नदीकडच्या जवळच्या वाटेने नेऊ नये. फाट्यावरून न्यावे, लांब पडले तरी. वाटेत खाली टेकवतात तो विसावा, ट्रक थांबतो त्याच जागी द्यावा. तिथे थोडा वेळ थांबावे, घाई करू नये. मग उचलून परत नदीवर आणावे. त्या जागेवरून मला परत फिरवायला या वेळी माणसे लागतील.

कलम १०. अंमल

या मृत्युपत्राचा अंमल प्रतिभा गावित बाईंनी करावा. कमलेशने दिपिकाला ट्रकात चढवलेच, तर बाईंनी फाट्यावर येऊन हा कागद मोठ्याने वाचावा. पाड्यातल्या लोकांना ऐकायला आवडेल, यात सगळ्यांचेच थोडे थोडे आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करायला वेळ आहे असे वाटत नाही.

अंगठे घेण्याच्या वेळी घडले ते

हे बाईंनी कलम म्हणून लिहिलेले नाही, पण मी लिहायला लावले आहे.

बाईंनी सगळे पहिल्यापासून वाचून दाखवले. चंदू भोयेने सही केली. सोम्याने अंगठ्याला शाई लावून घेतली आणि हात तसाच वर धरून बसला.

"चार नंबर परत वाचा," तो म्हणाला.

बाईंनी वाचले.

"मी लाटली नाय. पोरीला मी सांभाळीन, कागद असो का नसो. पन खोट्याच्या खाली अंगठा नाय ठेवनार."

मी म्हटले, "मंग त्या दिसी आमचं नाव का नाय घेतलंस? आज सांग. बाई लिवतायत."

सोम्या शाईच्या अंगठ्याकडे बघत बोलला. "ते बोलत व्हते, जो हितं दिसतो तेचंच नाव लागंल, बाकी सरकारजमा. तुमी दिसत नव्हतात. मी नाव घेतलं आसतं आन् त्यांनी इचारलं आसतं, कठं हाय सुकऱ्या, तं मी काय सांगू? म्हटलं, निदान माझ्या नावानं तरी ऱ्हाऊ दे, जमीन घरात ऱ्हाईल. तुमी तठं आसतात तं तुमचं पन लागलं आसतं."

हे त्याने सुकऱ्याला का सांगितले नाही, असे बाईंनी विचारले. तो म्हणाला, सांगत होतो, पण दादाने हात उगारला होता.

शाई वाळत आली होती.  आम्ही तिथे नव्हतो. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पण भट्टीवर, रस्त्यावर, ट्रकावर रागावून काय करणार? सोम्या समोरच राहत होता, म्हणून मी सगळा राग त्याच्यावर काढला. सुकऱ्याही तेच करत गेला. माझे चुकले. हे मी माझ्या तोंडाने त्याला सांगितले आणि कागदावरही सांगत आहे.

मी बाईंना म्हटले, "खोडा."

"काय लिहू तिथे?"

"राखली, असं लिवा."

सोम्या म्हणाला, "आथा शाई परत लावा."

खाडाखोड एकूण एक. कलम चारमध्ये "लाटली" हा शब्द खोडून "राखली" असा लिहिला आहे. त्या जागेशेजारी माझा अंगठा आहे. त्यानंतरच साक्षीदार क्रमांक दोन यांनी अंगठा दिला. बाकी मजकूर मी ऐकला, मला समजला आणि तो माझाच आहे.

लिहून देणार: कमू सुकऱ्या वाघ, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार १: चंदू भोये, जीपचालक, सही

साक्षीदार २: सोम्या वाघ, शेतकरी, डाव्या हाताचा अंगठा

लिहून घेणार: प्रतिभा गावित, शिक्षिका, सही

स्थळ: दाभोसा, दिपिका कमलेश वाघ हिच्या घराचा ओटा

दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५, रविवार, दुपार. आत चूल पेटलेली आहे.